पिंप

किल्ल्याच्या ओल्या वाटेच्या तोंडाशी
आमचं एकच पिंप होतं, निळं,
रंगाच्या कारखान्यातून कुणीतरी उचलून आणलेलं.
ओहोटी लागली की अकरा गाड्या पाण्यातून जायच्या,
परतल्या की अकरा तोंडं त्यात बुडायची.
भाड्यावरून भांडायचो आम्ही, नंबरावरून आई-बाप काढायचो,
पण पिंप सगळ्यांचं.

बुंदी खोकली तो शनिवार.
नाताळची सुट्टी, अलिबागेत पाय ठेवायला जागा नाही.
कोरडा, पोकळ खोकला,
रिकाम्या डब्यावर कुणी टिचकी मारावी तसा.
आदल्या आठवड्यात तिला पनवेलकडे वरातीला नेली होती.
मांडवामागे पाच-सहा घोडे एका दोरीला,
त्यातल्या एकाचं नाक गळत होतं.
मी पाहिलं होतं.
पाहिलं, आणि बुंदीच्या कपाळावरचा गोंडा सरळ केला.

शनिवारी चार फेऱ्या मारल्या. रविवारी पाच.
शेवटच्या फेरीनंतर तिनं पिंपात तोंड घातलं
आणि पाण्यातच शिंकली.
पाणी थरथरलं, मग सपाट झालं.
मी गाडीतल्या म्हातारीला उतरायला हात दिला.

मंगळवारी उलड्यांच्या सरदारनं गवताला तोंड लावलं नाही.
बुधवारी आणखी चार.

कासारे डॉक्टरीण आली, गमबूट घालून,
पिशवीत जितके घोडे तितके थर्मामीटर.
विषाणू आहे, म्हणाली.
खोकल्यातून जातो, हातातून जातो,
खराऱ्यातून, लगामाच्या कडीवरून, एका पाण्यातून.
"पहिला खोकला कुणाच्या जनावराचा?"

सुरूच्या बनात वारा होता, तेवढाच आवाज.
इब्राहिम उलडे माझ्याकडे बघत नव्हता.
इतका बघत नव्हता, की मला कळलं
त्याला शनिवारपासून ठाऊक आहे.

"माझ्या," म्हणालो.

कुणी हात उगारला नाही. उगारला असता तर बरं झालं असतं.
इब्राहिमनं पिंपाला लाथ घातली.
पाणी वाळूनं पिऊन टाकलं, दोन श्वासांत.

मग एकवीस दिवस.
आजारी जनावरं उंडीच्या झाडाखाली, निरोगी पार पलीकडे,
मधे चुन्याची रेघ.
रेघ ओलांडायची तर आधी हातपाय साबणानं, चप्पल औषधाच्या पाण्यात.
अकरा बादल्या, प्रत्येकीवर तैलरंगात नाव.
बुंदीच्या नावातला अनुस्वार ओघळला, तसाच राहू दिला.
सकाळ-संध्याकाळ ताप वहीत.
गवत भिजवून द्यायचं, धूळ उडता कामा नये.
अक्षी-नागावच्या घोड्यांना, अजून धड होते तोवर, लस.

माझं काम मी मागून घेतलं.
अक्षीच्या पुलावर बसायचं.
लग्नसराईचा घोडा घेऊन कुणी आलाच
तर आडवं जायचं, सांगायचं,
"परत फीर बाबा. आमच्याकडे साथ आहे.
मी आणली."
पहिल्या दिवशी शेवटचे दोन शब्द जड गेले.
आठवड्यानंतर ते नावासारखे यायला लागले,
पद्माकर म्हात्रे, मी आणली.
रोह्याचा एक पोरगा हसला, म्हणाला, सुपारी घेतलीय.
त्याच्या टेम्पोसमोर रस्त्यात बसलो.
अर्ध्या तासानं त्यानं टेम्पो वळवला.

बुंदी सर्वांत आधी बरी झाली. हाच तिचा न्याय.
तरी ती जुंपली नाही.
सरदारच्या छातीत अजून घरघर होती,
डॉक्टरीण म्हणाली, शिमग्यापर्यंत याच्या पाठीवर ओझं नको.
इब्राहिमकडे दुसरं जनावर नाही.
एका पहाटे बुंदीचा लगाम, उकळून, वाळवून,
त्याच्या कुडाला अडकवून आलो.
तीन दिवस तो तिथेच लटकत होता.
चौथ्या दिवशी ओहोटीला
बुंदी त्याच्या गाडीला दिसली.
माझ्याशी तो अजून बोलत नाही.

पिंप आता उपडं असतं, त्यावर बसून आम्ही विड्या ओढतो.
गाड्या परत येतात, ज्याची त्याची बादली,
ज्याचं त्याचं पाणी.
बुंदी मात्र त्या जागी थबकते,
मान खाली घालते,
निळ्या पत्र्याला नाक लावून उभी राहते
आणि इब्राहिम तिला ओढत नाही,
थोडा वेळ थांबू देतो.