टॉर्च तिरपी धर

सावद्याच्या काट्यावर, रात्री पावणेदोनला,
मॉनिटर झोपला तो झोपलाच.

लॅपटॉपला स्वतःचा पडदा उरलेला नाही.
गेल्या पोळ्याला केळीचं कॅरेट घसरून त्यावर पडलं
आणि कोपऱ्यापासून जाळं पसरत गेलं.
मग शेटनं हा मॉनिटर आणला, पतसंस्थेच्या लिलावातला.
मागं अजून चिठ्ठी आहे:
कर्ज विभाग, टेबल तीन.

माउस हलवला.
स्पेसबार दाबला, मग एन्टर, मग सापडेल ते.
खालचा पिवळा दिवा संथ लुकलुकतो,
घोरणाऱ्याचं पोट हलावं तसा.

बाहेर काट्यावर ट्रक उभा.
इंडिकेटरचे लाल आकडे जागेच आहेत,
सोळा हजार सातशे चाळीस.
पण पावती कॉम्प्युटरमधून निघते
आणि पावतीशिवाय फाटक उघडायचं नाही,
हा सुपडूशेटचा कायदा.
ड्रायव्हरला पानिपत गाठायचंय.
हॉर्न देत नाही, नुसता इंजिन रेस करतो.

हसरत तडवी खिडकीतून डोकावला.
"काय झालं वं ताई?"
"उठत नाही."
"झोपू दे मंग घडीभर. गरमीनं दमलं असंन."
खरंच, भिंतीला अजून हात लावून घेत नव्हता
दुपारचा पंचेचाळीस.

लोकेशला फोन लावला, फैजपूरला.
झोपेतच बोलला:
केबल काढ, फुंकर मार, परत लाव.
झालं.
दुसऱ्या भोकात लाव.
दुसरं भोक नाही.
मग भिंतीतला प्लग काढ, बटण दाबून धर, तीस मोज.
आत उरलेला करंट निघून जाऊ दे.

मी मोजत होते.
वडील दीपनगरला होते, रात्रपाळीला.
दिवसा झोपले की आई त्यांना हाक मारायची नाही.
पायाचा अंगठा धरायची. ओढायची नाही, नुसता धरायची,
आणि ते हळूहळू वर यायचे.
सत्ताविसाला हे आठवलं
आणि आकडा चुकला.
पुन्हा एकपासून.

प्लग लावला.
कंपनीचं नाव उमटलं, निळं,
"आलं!" हसरत ओरडला,
आणि गेलं.

"दोन सेकंद आलं?" लोकेश आता पुरता जागा.
"मग जिवंत आहे. टॉर्च लाव.
तिरपी धर, काचेला चिकटवून."

हसरतनं मोबाइल टेकवला.
विहिरीच्या तळाशी पडलेली घागर दिसावी
तसं त्या काळ्यात खाली
सगळं होतं.
गाडी नंबर. पार्टी. माल: केळी.
ऑपरेटर: कुंदा भारंबे.
आणि मी सोडली होती त्याच चौकटीत
कर्सर, उघडझाप करत.

केव्हाचा उठून बसला होता बिचारा.
दिवा तेवढा लागत नव्हता त्याच्याच्यानं,
आणि मी आपली, ऊठ, ऊठ.

मग एकेक अक्षर.
मी बोट दाखवीन तिकडे हसरत टॉर्च सरकवी,
रात्री ड्रिपची गळती शोधतात तशी.
"बघ रे, सहाचा आठ नाही ना झाला?"
"सहाच हाये. पोट एकच हाये त्याले."

प्रिंटरला यातलं काही माहीत नव्हतं.
करकर करत त्यानं पावती दिली.
फाटक उघडलं.

अशा नऊ गाड्या.
चौथीला हसरतचा मोबाइल संपला,
सातवीला माझा,
मग ड्रायव्हरच आपापला उजेड घेऊन आत आले.
एकानं पटक्याचं टोक ओलं करून
काच आधी पुसून दिली.

साडेसहाला ऊन खिडकीतून आलं, तिरपं,
टेबलावरून सरकत काचेवर चढलं
आणि टॉर्चशिवाय दिसायला लागलं,
राखाडी, पण वाचण्याजोगं.
मी दहाव्या गाडीचा नंबर भरत होते.

सुपडूशेट दारात येऊन उभा राहिला.
त्याची सावली पडली, सगळं काळं झालं.
"हा बंद काहून ठेवला वं?"

"थोडं बाजूला व्हा, शेट," म्हटलं,
"चालू आहे."