एकवचन

गुरुवारी दुपारी आम्हा सगळ्या बायकांना सुट्टी.
त्या दिवशी बारीच्या बाकांवर
समुद्रापेक्षा आमची जॉर्जियनच जास्त ऐकू येते.
मी मात्र चर्चच्या तळघरात
लहान मुलांच्या खुर्चीत गुडघे दुमडून
इटालियन शिकते.

पिनुच्चो मास्तरांचा जन्म टपाल वाटण्यात गेला.
फळ्यावर लिहितात: सवयी, वर्तमानकाळ.
ध्येय, भविष्यकाळ.
मधोमध खडूची रेघ, दोन गावांची शीव असावी तशी.
म्हणतात, या भाषेत माणूस नुसता उठत नाही,
स्वतःला उठवतो. मि आल्झो.
स्वतःला धुतो, स्वतःला निजवतो.
आणि दुसऱ्याला उठवत असेल तर?
मी विचारलं नाही.

तोफाज्जल म्हणाला, मी चारला उठतो.
मासळीसाठी बर्फ फोडतो.
मी ट्रकचं लायसन काढीन.
टाळ्या पडल्या, क्रियापदाचा शेवट बरोबर होता.

लामारा, आता तू.

आम्ही सहाला उठतो, मी म्हणाले.
आम्ही निळी गोळी घेतो, मग अर्धी पांढरी.
आम्ही आंघोळीला नको म्हणतो.
अकराला बाल्कनीत बसतो
आणि समोरच्या न्हाव्याची गिऱ्हाइकं मोजतो.
काल चारच.

एकवचनात, लामारा.

मी चाचपलं, दारात उभं राहून
किल्ली शोधावी तसं.
मग म्हणाले, रात्री ती झोपल्यावर
उरलेली कॉफी मी गार पिते,
उभ्यानं,
फ्रिजचं दार उघडून, त्याच्या उजेडात.
मास्तर म्हणाले, छान. वर्तमानकाळ.
ध्येय?
तेवढ्यात साडेपाच वाजले.

घरी सिन्योरा इमाकोलाता जागी होती.
आज काय शिकवलं?
सांगितलं. सवयी आणि ध्येय.
ती बराच वेळ छताकडे बघत राहिली,
मला वाटलं, डोळा लागला.
मग म्हणाली, दोमानी मि आल्झो.
उद्या उठते.

सहा वर्षं झाली
तिच्या पायांना माझ्या हातांशिवाय फरशी माहीत नाही.
मी म्हणाले, सिन्योरा, उद्यासाठी भविष्यकाळ लागतो.
मि आल्झेरो.
ती खवळली. मला शिकवतेस?
ही माझी भाषा आहे, पोरी,
एक्क्याण्णव वर्षं वापरतेय,
मी म्हणेन तशी चालते.

तिचे पाय चोळून दिले. दिवा बारीक केला.
वहीत उजव्या बाजूला, रेघेच्या पलीकडे,
मी लिहिलं: एक दिवस मी नऊला उठेन.
एकवचनात.
मी एकटीच.
लिहिल्यावर कान तापले,
तिची भांडी चोरताना सापडल्यासारखे.

सकाळी वही तिच्या मांडीवर.
चष्मा नाकाच्या शेंड्यावर.
काही बोलली नाही.
फक्त आल्झेरोच्या शेवटच्या अक्षरावर
मी विसरलेली तिरकी रेघ
थरथरत्या हातानं दिलेली, जरा लांबच गेलेली,
आणि सहा वाजून गेले होते,
निळी गोळी अजून बशीत.