तीन पावलं आणि डावीकडं

लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात
मुल्लाणींच्या गोणपाटावर तो आडवा पडला होता.
एका अंगाला बिनबर्नरचा स्टोव्ह, दुसऱ्या अंगाला
दोन कुलपं, किल्ली एकालाही नाही.
याचीही नव्हती.
"आठशे," मुल्लाणी म्हणाले. "फॉरेनचा हाय."
"चालतोय का?"
"चालत असता तर हितं आला असता व्हय?"

पाचशेला ठरला.
वीतभर उंची. छातीवर छापलेलं घड्याळ, कायम पावणेचार.
डोळ्यांच्या जागी भोकं, डोक्यावर स्प्रिंग,
आणि चेहरा
चुकून दुसऱ्याच लग्नाच्या पंगतीला बसलेल्या माणसाचा.

उद्यमनगरात हिंदुराव मिस्त्रींनी चष्मा कपाळावर ढकलला,
पत्र्याचे कान नखानं उचलले, पाठ उघडली.
आत, पत्र्याच्या उलट्या अंगाला,
एक मासा होता.
निळा, कमरेत कापलेला,
शेजारी परक्या लिपीतली दीड अक्षरं.
म्हणजे रोबो होण्याआधी हा
कुणाच्या तरी घरचा डबा होता.

मिस्त्री बराच वेळ गप्प.
शेजारच्या शेडमधलं लेथ थांबलं, पुन्हा सुरू झालं.
"आमच्या आईनं तेलाच्या डब्याची चिमणी केल्ती," ते म्हणाले.
"सातवीपतोर तिच्यावरच वाचलं."
किल्ली पितळेची कातली. पैसे घेतले नाहीत.
पहिली चावी मात्र मीच देणार, म्हणाले.

चालला की!
पितळेच्या किसातनं, खर्रखर्र,
तीन पावलं सरळ, मग डावीकडं,
मग बाकड्याच्या कडेवरनं थेट
मिस्त्रींच्या काळ्या तळहातात.
"डावा पाय घासलाय. करू सरळ?"
मी नको म्हटलं.
का म्हटलं, ते अजून नीट सांगता येत नाही.

"पन्नाशीत खेळणं," असं म्हणणाऱ्या बायकोनंच
गौरीच्या आराशीत त्याला नेऊन उभा केला,
करंज्यांच्या ताटामागं, शंकरोबाच्या जरा अलीकडं.
"ह्यो कोण गं?" शेजारच्या मालूताईंनी विचारलं.
"पाहुणा. लांबनं आलाय."
रात्री दिवे मालवताना पाहिलं,
स्प्रिंगच्या खाली कुणीतरी
कुंकवाचं बोट टेकवून गेलं होतं.
पुसलेलं नाही.

मी हुपरीला पैंजणांचे साचे काढतो.
सत्तावीस वर्षं मोर. कोयरी, वेल, परत मोर.
डोळे मिटून काढीन, आणि तीच तर अडचण.
हल्ली तो माझ्या टेबलावर असतो, दिव्याशेजारी.
परवा हात आपोआप चौकोनाकडं वळला,
चौकोन, दोन रिव्हेट, कडी, चौकोन.
शेठ म्हणाले, "हे कोण घालणार, लोहाराची सून?"
एकच जोड गेला. कागलच्या एका पोरीनं घेतला,
मोजणी खात्यात आहे म्हणे, दिवसभर बांधावरनं चालते.

साच्याच्या उलट्या अंगाला,
जी बाजू घोट्याला टेकते आणि दिसत नाही,
तिथं मी एक मासा कोरलाय. अर्धाच.
शेठना बोललेलो नाही.

चावी संपत आली की तो
एक पाय उचललेलाच ठेवून थांबतो.
मीही मग दिवा लगेच बंद करत नाही.