मागच्या बाजूचे नियम

माझ्या वडिलांच्या उजव्या खांद्यात
चार छर्रे आहेत, अडुसष्ट सालचे.
थंडी पडली की ते बोटाने मोजून दाखवतात,
बनियनवरून,
जसा मी मनोऱ्यावरून थापटे मोजतो.

पेटीत एक कागद आहे. त्यांचा नाही.
शिकार परवाना क्रमांक ११४, जिल्हा नाशिक.
नाव : अ. ग. बेळे, वकील. शुल्क रुपये दहा.
मुदत फेब्रुवारीअखेर.
पाणपक्षी, दिवसाला बारा.
घडीवर शाई फुटलीय, शिक्का मात्र
अजून जांभळा, वांग्यासारखा.

नांदूरच्या बंधाऱ्यामागे तेव्हा पाटी नव्हती.
पाणी सरकारचं, म्हणजे कुणाचंही,
आणि होडी दगू मोऱ्याची, म्हणजे आमची.
रविवारी झुंजूमुंजू होताना
निफाडच्या रस्त्याने जीप यायची,
थर्मास, टोप्या, मधोमध आडव्या बंदुका.
दगू बांबूने होडी रेटायचा,
मग उतरून कमरेएवढ्या पाण्यातून
पाणगवतात शिरायचा, हाळी घालायचा.
थवा उठायचा. बार व्हायचे.
पडलेली गोळा करायची तीही त्यानेच,
मानेला धरून.

कागदाच्या पाठीवर नियम आहेत.
मी तिसरीत गेलो तेव्हा वडिलांनी ते
माझ्याकडून वाचून घेतले, कंदिलाशी.
एक : होडीत बंदूक भरलेली ठेवू नये.
दोन : नळीचे तोंड माणसाकडे नसावे.
तीन : धुक्यात बार काढू नये.
चार : हाकाऱ्यांस बंदुकीच्या मागे ठेवावे.
"परत वाच."
हाकाऱ्यांस बंदुकीच्या मागे ठेवावे.
"म्हणजे लिहिलेलं होतं," म्हणाले.
आणि कंदील बारीक केला.

त्या दिवशी धुकं होतं की नाही
ते कधीच नीट सांगत नाहीत.
सांगतात ते वकिलांचा मफलर,
ओला, तंबाखूच्या वासाचा, खांद्याला आवळलेला;
वकिलांचे हात, लटलट कापणारे;
पन्नासाची नोट,
आणि सगळी बदकं दिली, तेरा.
"तेरा रे. एक जास्तीचं होतं."
ह्या तेराव्याचा त्यांना अजून राग येतो.

गडबडीत परवाना होडीतच राहिला.
वडिलांनी तो वाळवला, जपला.
न्यायला येईल त्याला
आपल्यासमोर बसावं लागेल, एवढाच हिशेब.
कुणी आलं नाही.
बहात्तरला कायदा आला,
सगळेच परवाने एका रात्रीत रद्दी झाले,
पुढे पाण्याला पाटी लागली,
मला अभयारण्याची खाकी टोपी मिळाली.

गेल्या वर्षी नाशकात, द्वारकेजवळ,
मानेचा एमआरआय काढायला नेलं.
पोरगी फॉर्म भरत होती :
"आजोबा, अंगात काही धातू?"
"आहे की."
"कसला?"
"परवान्याचा."
तिने माझ्याकडे बघितलं. मी खांदा दाखवला.
यंत्र राहिलं बाजूला, आधी साधा एक्स-रे काढला.
उजेडावर धरला तर चार पांढरे ठिपके,
तीन ओळीत, एक जरा मागे.
"चक्रवाक," वडील म्हणाले,
"मागचा दमलाय."

आता जानेवारीची गणना सुरू आहे.
ते माझ्याबरोबर येतात, स्वेटरवर स्वेटर,
दुर्बीण नको म्हणतात.
आवाजावरून सांगतात कोण उठलं,
माझ्या वहीआधी.
पुण्याचे चौघे आलेत,
हातभर लांबीच्या लेन्स, झाडपाल्याच्या रंगाचे कपडे.
मी रोजचंच सांगतो :
तिकीट जपून ठेवा, कठड्यावर चढू नका,
हाळी घालून पक्षी उठवू नका.
एक जण तिवईवर वाकतो, डोळा मिटतो,
दुसऱ्याला कुजबुजतो,
"शूट कर, शूट कर, आत्ता!"

वडील बाकावरून उठतात,
काठी सावरत
कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभे राहतात.
थोडं थांबून
माझ्याही दंडाला धरून मागे ओढतात.
वहीत थापटे दोनशे चाळीसवर चुकतात.
मी पुन्हा एकपासून सुरू करतो.