कंट्री

"कंट्री" म्हटलं की देसूर गेटचा चहावाला
नाक मुरडतो: सकाळी सकाळी?
गाण्यांचं बोलतोय गा, मामा.

भरमू म्हणतो, पहिलाच अल्बम खरा,
गळ्यात अजून धूळ होती त्याच्या.
दुसरा म्हणजे शोरूममधली बुलेट.

बस्त्याव कॅम्पातला, गिटारवाला, तो उसळतो:
"चौथं गाणं ऐकलास काय?
स्टीलची तार अशी रडते
जशी आमची मावशी मयताला, सुरात."

भरमूला इंग्रजी निम्मंच कळतं,
उरलेलं तो मिरचीचा टेम्पो घेऊन
कोल्हापूरला जाता-येता भरतो.
बायको गेली, कुत्रं ऱ्हायलं, गाडी सुरू होईना.
"ह्यात कळायचं काय ऱ्हायलंय?"

मी तिसऱ्या अल्बमचा. मला कुणी विचारत नाही.
त्यात एक माणूस रात्री राज्याची हद्द ओलांडतो
आणि गाडीतल्या रेडिओची बोली बदलते,
बस्, एवढंच गाणं.
कोगनोळी नाक्यावर भरमूनं ते मधेच बंद केलं होतं.
का, ते सांगितलं नाही.

आत्ता मोबाईलवर लावलं, तर फाटक पडलं.
मालगाडी. डबे मोजत तिघं गप्प.

शेवटचा डबा गेल्यावर
चहावाला कप विसळत म्हणाला,
"ते हद्दीचं परत लाव की."