गड्डा

रेवणसिद्ध कुलूहून सफरचंदाची गाडी घेऊन आला
आणि केबिनमधून एक कागदी पुडा काढून माझ्या हातावर ठेवला.
अकरा नग.
हात लगेच तोलायला लागला.
बत्तीस वर्षं मार्केट यार्डात मापाडी होतो,
हाताला दुसरं काही येत नाही.
म्हटलं, गोल्टी आहे. तीही बारीक.
असला माल आम्ही ढिगाच्या कडेला लोटायचो,
लिलाव तिथवर येईतो उन्हं उतरलेली असायची.

"कांदा नव्हं काका, फूल हाय.
तिकडच्या ढाब्यावरच्या म्हातारीनं दिलं. ठेंगणं डॅफोडिल.
थंडी खाल्ल्याबिगर फुलत न्हाई."

थंडी.
सोलापुरात.
महानंदा नुसतं "हुच्च" म्हणाली आणि आत गेली.

तरी गणपती उठल्यावर
फ्रिजच्या खालच्या कप्प्यात जागा झाली.
पेरू बाहेर आले;
पिकत्या फळाच्या वाऱ्यानं आतली कळी जळते म्हणे.
पिशवीवर महानंदानंच लिहिलं, मोठ्या अक्षरात:
कांदे नाहीत. विष आहे. फोडणीला घेऊ नये.

दहा आठवडे.
लाइट गेली की मी फ्रिजच्या दाराला पाठ लावून बसायचो,
कुणी उघडू नये म्हणून.
यार्डात लाखाचा माल उघड्यावर टाकून
जेवायला गेलेला माणूस मी.

एक मऊ पडला. दहा राहिले.

नुसती काळी माती चालेना, ती पाणी सोडत नाही;
निम्मी वाळू घातली, सीनेकाठची.
परातीएवढं पसरट कुंड.
नाक वर, बूड खाली,
स्वतःच्या उंचीच्या दुप्पट खोल.
नळ पाचव्या दिवशी. आधी हंडे, मग आम्ही, मग ते.

पात आली. चपटी, निळसर.
चुरगळून हुंगली.
कसलाच वास नाही.
कांद्याच्या पातीला वास नसणं म्हणजे काय
हे मला तीन दिवस पचलं नाही.

ह्या गावात गड्डा म्हणजे जत्रा.
पाळणे, चिक्की, धूळ, हरवलेली पोरं.
यंदा नंदीध्वज निघाले त्या सकाळी
मी दुसऱ्याच गड्ड्यापाशी उकिडवा बसलेलो,
आणि आत काकडा झालेल्या बोटासारखी
एक कळी मान वाकवत होती.

दहातले तीन फुलले.
वीतभर उंची. गोणी शिवायच्या दाभणाएवढा दांडा.
रंग हळदीचा नाही, शेवंतीचा नाही,
पावतीच्या दुसऱ्या प्रतीचा पिवळा,
जी आम्ही जपून ठेवायचो आणि कुणी मागायचं नाही.

दस्तगीर हमाल चहाला आला होता.
बशी तशीच हातात धरून वाकला.
"मामू, ये तो नर्गिस है.
हमारे अब्बा शेर पढते थे ना, आँख कू नर्गिस बोलते.
मैं समझा, झूटा फूल है. किताब का."
सत्तर वर्षांच्या त्या माणसानं
पाठीवरची गोणी उतरवावी तसा श्वास सोडला.
त्याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे.
उजवा त्यानं अगदी जवळ नेला.

पाच दिवस टिकली.

फूल गेल्यावर पात कापायची नसते.
ती पिवळी पडेल, लोळेल, घाण दिसेल,
तेव्हाच खाली गड्डा भरतो.
महानंदा दोनदा विळी घेऊन आली, दोनदा परत गेली.

फाल्गुनात उकरले. तळहातावर घेतले.
आले होते त्यापेक्षा हलके;
काट्यावर दिसणार नाही, मापाड्याला कळतं, इतकेच.
पुढच्या वर्षी फुलतील असं हात सांगत नाही.

जाळीच्या पिशवीत घालून अंधाऱ्या खोलीत टांगले,
कांद्यांपासून लांब.
चिठ्ठीवरची अक्षरं ओलीनं पुसट झाली होती.
मी ती फेकणार होतो.
महानंदानं पेन मागितलं,
आणि गुडघ्यावर वही ठेवून
"विष आहे" पुन्हा गिरवलं.