प्रश्न क्रमांक चौदा

पिंपळगावच्या मजूर नाक्यावर, सकाळी सहाला
जयवंता भोयेच्या टोळीशेजारी उकिडवी बसले.
मांडीवर पॅड, त्यावर प्रश्न क्रमांक चौदा :
घरातल्या निर्णयांत तुमचा सहभाग किती?
एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्ण.

पेठकडून आलेल्या अकरा जणी.
डब्यात नागलीची भाकर, पिशवीत विरळणीची कात्री,
नखांत गेल्या बागेचा हिरवा राप.
जयवंता म्हणाली, पाच लिव्ह. नवरा वारलाय माझा.
बाकीच्या हसल्या.
मी पाच लिहिलं. काय करणार.

मग पिकअप आली.
मालकाने काच खाली करून एकरी आकडा सांगितला,
मागच्या वर्षीचाच.
कुणी उठलं नाही.
एकीने चपलेतला खडा काढला,
एकीने केस सोडले, पुन्हा बांधले.
गाडी टपरीपर्यंत गेली, थांबली, मागे आली.
असं तीनदा.
माझ्या छापील अर्जात
या पाऊण तासाला चौकट नव्हती.

वर्षाने करंजाळीच्या पुढं, त्यांच्या पाड्यावर गेले
निष्कर्ष सांगायला :
बासष्ट टक्के महिला सक्षम आढळल्या.
जयवंताने बोटाने अकरा डोकी मोजली.
बासष्ट टक्के म्हंजे कोण कोण? नावं सांग.
यमुना म्हणाली, मी कंबरेपर्यंत असंन.

मग प्रश्न त्यांनीच काढले,
सारवलेल्या ओट्यावर पाय पसरून :
हजेरीची वही रात्री कुणाच्या उशाशी असते?
तू आजारी पडलीस तर तुझी ओळ कोण धरतं?
मालकाला नाही म्हणून घरी आलीस,
त्या रात्री जेवण गेलं का?
हा शेवटचा यमुनाचा.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मीही.

सर म्हणाले, चांगलं आहे, परिशिष्टात टाका.

परिशिष्ट म्हंजे? जयवंताने फोनवर विचारलं.
म्हटलं, सगळं झाल्यावर मागे जोडतात ते.
म्हंजे पिकअपचा मागचा फाळका.
हो, तसंच काहीसं.
मग पत्रा ठोक की आतून, ती म्हणाली,
थांबते गाडी.

आज समितीपुढे बसायचंय.
खोली थंड, टेबल सनमायक्याचं,
अजून कुणी आलेलं नाही.
बोटांच्या पेरांनी
वाजवून बघतेय.